बिनदेवाची कॅलेंडरं

माझा पाय घरात ठरत नाही, असं धम्मपाल म्हणतात. धम्मपाल म्हणजे माझे यजमान. वीज कंपनीत आहेत आणि एकदा सोफ्यावर टेकले की त्यांना उठवायला कुणाच्या तरी घरची लाइन जावी लागते. तेव्हा त्यांच्या बोलण्याकडे मी फारसं लक्ष देत नाही. अंगणवाडी पर्यवेक्षिकेचा पाय घरात ठरला तर पगार कोण देईल? आज मेडशी, उद्या त्याच्या पुढचं गाव, परवा तिसरंच. लेकरांची वजनं बघा, गरोदर बायांच्या घरी जा, सेविकेची गाऱ्हाणी ऐका. त्यात गेल्या वर्षभरात मला एक नवीनच वेड लागलं. कुणाच्याही घरात शिरले की माझी नजर आधी भिंतीवर जायची.

जुन्या कॅलेंडरवरची चित्रं मी गोळा करत होते. सगळी नाही. देवांची नाही, नट्यांची नाही, फक्त गावाकडची. आपल्याकडे त्यांना सीनरी म्हणतात. तळं, तळ्याकाठी गाई, कौलारू झोपडी, डोक्यावर घागर घेतलेली बाई, बैलगाडी, मागे निळा डोंगर. खाली बियाण्याच्या नाहीतर कापडाच्या दुकानाचं नाव आणि तारखांचा गठ्ठा. तारखा फाटून जातात, चित्र उरतं. एकदा मोबाइलवर पुण्यातल्या कुण्या बाईचं घर पाहिलं. तिने अशीच चित्रं काचेच्या फ्रेममध्ये घालून अख्खी भिंत सजवली होती आणि लोक वाहवा करत होते. मी म्हटलं, अगं बाई, हे तर आमच्याकडे गावोगाव धुराने पिवळं पडतंय.

आता खरं कारण सांगते. पुण्याच्या बाईला दाखवायला मी हा खटाटोप करत नव्हते. तो माझ्या बाबांसाठी होता.

आई गेली आणि बाबा रिठदच्या घरात एकटे राहिले. देवमन कंडक्टर म्हणून त्यांना त्या भागातला प्रत्येक जण ओळखतो. सगळी नोकरी एसटीत झाली. चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडणाऱ्या माणसाला बसायची सवय नसते, पण आता साखर वाढलेली, अधूनमधून चक्कर येते. एक दिवस ते मोरीत पडले आणि शेजारच्या भुरीबाईने बघेपर्यंत तसेच पडून होते. तिचा फोन आला त्याच दिवशी मी गाडी करून गेले आणि त्यांना वाशीमला घेऊन आले. आमचं नवीन घर नुकतंच बांधून झालं होतं. मोठा हॉल, सोफा, पंखा, टीव्ही, सगळं होतं. फक्त बाबा त्यात बसायचे नाहीत.

सकाळी उठून फाटकापाशी. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग पोर्चमध्ये गाडीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. जेवायला स्वयंपाकघरात ओट्याजवळ, पाटावर. हॉलमधून जायचं झालं तर असे जायचे, जणू दुसऱ्याच्या शेतातून वाट काढतायत. मी सारखी विचारायची, "बाबा, काय पाह्यजे? काय कमी आहे?" ते म्हणायचे, "काई नाई वं, बरं हाये." आणि आठवड्यातून एकदा तरी हळूच म्हणायचे, "मले रिठदले नेऊन सोड आता."

तिथे गेले म्हणजे पुन्हा मोरीत पडतील, आणि पुढच्या वेळी भुरीबाई कामाला गेलेली असेल. मला रात्री झोप लागायची नाही, दिवसा कामात लक्ष लागायचं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की माणसाला गाव आठवतंय. गावात नेता येत नसेल तर गाव इथे आणू.

आणि गाव आणायची वाट मला ठाऊक होती. लहानपणी आमच्या रिठदच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि त्यांच्या बाजूला एक सीनरी होती. एक विहीर. दोन बाया पाणी ओढून दगडी हौदात ओततायत, हौदाला तोंडं लावून गाई उभ्या, पलीकडे काठी घेतलेलं एक पोरगं आणि निंबाचं झाड. मी त्या गाईंना नावं दिली होती. एकेक गाय दाखवत आई मला घास भरवायची. पुढे दहावी झाल्यावर मी अकोल्याला होस्टेलला गेले. पहिल्या सुट्टीत घरी आले तर चित्र जागेवर नव्हतं. आई म्हणाली, वाळवी लागली. मी रडले होते, इतकी मोठी होऊनसुद्धा.

अशी चित्रं आमच्याच लोकांच्या घरात का जास्त, हे मला या शोधात कळलं. छप्पन सालानंतर आमच्या लोकांनी देव घराबाहेर काढले. पण दुकानदार दिवाळीला कॅलेंडर द्यायचा त्यावर कुणीतरी देव असायचाच. तो घरात टांगायचा कसा? शहाणे दुकानदार मग दोन प्रकार छापून घ्यायचे. बाकीच्या गिऱ्हाइकांना देवाचं, आणि आम्हाला नि मुसलमानांना बिनदेवाचं. मेडशीच्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलं की ते दुकानात जाऊन सरळ म्हणायचे, "आमाले बिनदेवाचं द्या." हे ऐकून मला काय आनंद झाला! म्हणजे हे चित्र आपलंच की. आपल्या लोकांनी निवडलेलं, आपल्या भिंतीवर टिकलेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकवली की धम्मपाल पाहुणे आले की आधीच उठून चहा ठेवायला जायचे.

चित्रं जमत गेली. कुणी कोठीच्या झाकणाला चिकटवलेलं काढून दिलं, कुणी फळीवर अंथरलेलं. लोकांना नवल वाटायचं. "ताई, याचं काय करता?" एका आजीने तर चित्राबरोबर मूठभर तुरीच्या शेंगाही दिल्या, बहुतेक माझी कीव येऊन. मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर चांदभाईचं फ्रेमचं दुकान आहे. रविवार आला की मी तिथे. चांदभाई फाटका कागद मागून पातळ कापडावर चिकटवतो, डाग ओल्या कापसाने हळू टिपतो, मग काच, मग सागाच्या रंगाची पट्टी. हात सोन्याचा आणि तोंड सतत चालू.

हॉलच्या मोठ्या भिंतीवर एकामागून एक चित्रं चढत गेली. तळं चढलं, बैलगाडी चढली, नदीत पाय सोडून बसलेली बाई चढली. बाबा पहिल्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "बरं दिसते." मी हवेत. पण त्यानंतर ते पोर्चमध्ये जास्तच वेळ बसायला लागले. मला वाटलं, अजून भिंत भरली नाही म्हणून. धम्मपाल एकदा म्हणाले, "रूपा, बाबा हॉलमधून जातानी खाली पाहून जातेत. तू पाह्यलं का?" मी म्हटलं, "चक्कर येते त्यांना. खालीच पाहून चालायला पाहिजे." धम्मपाल म्हणाले, "बरं बाई. आता संडासच्या दरवाजावर एक लाव, तेवढाच राह्यला." असल्या माणसाशी काय बोलणार?

दिवाळी झाली आणि बाबांनी पिशवी भरली. निळी कापडी पिशवी, धोतरं, सदरे, गोळ्यांचा डबा. ती त्यांनी पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि म्हणाले, "येत्या सोमवारच्या गाडीनं जातो. तू सोडाले नको येऊ, तुयं काम हाये." आवाज चढवला नाही, रुसले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला. मी भांडले. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, भुरीबाईचं सांगितलं, आईची शपथही घालून पाहिली, आणि तसल्या शपथा आपल्यात मानत नाहीत हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं.

रविवारी सकाळी उठून मी मंगरूळपीर गाठलं. चांदभाईला मी आमच्या घरातल्या चित्राचं वर्णन करून ठेवलं होतं. विहीर, हौद, गाई, काठीवालं पोरगं. महिनोन्महिने तो म्हणायचा, "ताई, मिलेगा. कागज कहीं जाता नहीं." त्या दिवशी मी त्याच्या दुकानात उभी राहून अक्षरशः हात जोडले. म्हटलं, आज नाही मिळालं तर माझे बाबा उद्या जातील. चांदभाईने हातातली पट्टी खाली ठेवली. "अम्मी के पास पूछते," म्हणाला आणि दुकान तसंच उघडं टाकून मला मागच्या गल्लीत घरी घेऊन गेला.

त्याची आई ताजबी खाटेवर बसून लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, कोपऱ्यातल्या विजेच्या मीटरसमोर गेली आणि मीटर झाकायला लावलेली एक फ्रेम खिळ्यावरून काढून माझ्यापुढे धरली.

तेच होतं. विहीर, दगडी हौद, गाई. मी नावं दिलेल्या गाई. काचेवर तेलकट थर होता, पण रंग शाबूत. रोज मीटर बघणाऱ्या चांदभाईने कपाळाला हात लावला आणि मी तिथेच खाली बसून एकेक गाय बोटाने मोजली.

"इनके अब्बा ने बनायेली फ्रेम है," ताजबी म्हणाली. मग माझ्यासाठी मराठीत आली. "घेऊन जाय बेटा. मीटरले काय, दुसरं काईतरी टांगू. तुया बाप थांबत असन तं घेऊन जाय."

मी किंमत विचारली तर तिने लसणाची सालं झटकली आणि चांदभाईला चहा सांगितला.

संध्याकाळ व्हायच्या आत मी घरी पोचले. बाबा फाटकापाशी होते, धम्मपाल त्यांच्याशी बोलत होते. मी कुणालाही काही न सांगता हॉलमध्ये गेले, मधलं बैलगाडीचं चित्र काढलं आणि त्या खिळ्यावर ही फ्रेम लावली. पदराने काच पुसली. मग बाबांना हाताला धरून आत आणलं.

"पाहा," मी म्हटलं. "आपल्या घरचं. ओळखलं का?"

बाबांनी पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिले. त्यांचा चेहरा उजळेल म्हणून मी टक लावून बघत होते. तो उजळला नाही. ते थकल्यासारखे सोफ्याच्या कडेवर टेकले. इतक्या महिन्यांत त्या सोफ्यावर पहिल्यांदा.

"हे कुठून आनलं वं?"

"मंगरूळहून. तुमच्यासाठी."

"माह्यासाठी काहून?"

"तुमाले गाव आठवते म्हणून. तुमी थांबावं म्हणून."

बाबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. चित्राकडे बोट करून म्हणाले, "त्या पोट्ट्याले पाह्य."

मी पाहिलं. खरं तर त्या पोराकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं, माझं सगळं लक्ष गाईंकडे. सहा-सात वर्षांचं पोरगं. खांद्याशी काठी, कमरेला चिंधी, झाडाखाली हौदापासून लांब उभं.

"ढोरं पानी पेऊन राह्यले," बाबा म्हणाले. "बाया वतून राह्यल्या. अन् त्यो उभा हाये. चित्र काढनाऱ्याले मालूम नसन, पन त्यानं बराबर काढलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कधी सांगितलं नव्हतं. बाप लहानपणीच गेला म्हणून ते मामाच्या गावी राहिले होते, एवढंच मला ठाऊक होतं. त्या गावात शाळेआधीची काही वर्षं ते एका मोठ्या घरची गुरं राखायचे. त्या गावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेत नाही.

"दुपारी ढोरं हौदावर नेओ. ढोरं पेत. मले वरतून कोनी वंजळीत वतलं तं भेटे. त्याची वाट पाहत उभं राहा लागे. कवा वतत, कवा ईसरून जात. हौदाले हात लावता येत नोता."

"ढोरांच्या हौदाला?"

"माह्या हातानं ढोराईचं पानी बाटे," बाबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, बसला उशीर का झाला ते सांगावं तसं.

धम्मपाल दारात उभे होते. ते आत आले नाहीत.

"मग आपल्या घरात कायले लावलं होतं?" मी विचारलं.

"तुया मायनं आनलं. दुकानदारानं देल्लं, बिनदेवाचं म्हनून. तिले काय मालूम? म्या सांगतलं तवा ती काढाले निंगाली. पन तू त्या गाई पाहून जेवत होती. बिना गाईचं एक घास घेत नोती. मी म्हनलं, राहू दे. मी जेवाले त्याच्याकडं पाठ करून बसो." त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. "तू होस्टेलले गेली का दुसऱ्या दिवशी काढलं."

बाबा नेहमी माझ्यासमोर बसून जेवायचे. मला वाटायचं, माझ्याकडे बघत जेवतात. किती कौतुकाने मी हे सगळ्यांना सांगत आले होते.

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदमच. "मग नाही म्हणायचं ना बाबा! पहिलं चित्र लावलं तेव्हाच म्हणायचं. पोर्चमध्ये बसून राहिलात, पिशवी भरली, आणि तोंडातून शब्द नाही काढला?"

"तू खुश होती."

"मी तुमच्यासाठी करत होते!"

"मी तुयासाठी गप होतो," बाबा म्हणाले. मग भिंतीवरची सगळी चित्रं त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. "देव काढले आपन भिंतीवरून. बरं केलं. पन त्या जाग्यावर गाव टांगला. मले त्याच्यासमोर बसाले जमत नाई रूपे. जिकडं पाहावं तिकडं ढोरं अन् पानी."

मीही त्यांच्या नजरेमागे भिंत पाहत गेले.

"तू साऱ्या लोकायले इचारलं," ते पुढे म्हणाले. "मेडशीले इचारलं, मंगरूळले इचारलं. पोर्चात मी बसलो होतो."

हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. टोचून म्हणाले असते तर मी काहीतरी उलट बोलले असते.

"मग आता विचारते," मी म्हटलं. "काय पाह्यजे तुमाले या भिंतीवर?"

"काई नाई."

"असं कसं? काहीतरी सांगा. दुसरं चित्र आणते. आईचा मोठा फोटो करते."

"काईच नाई वं." ते उठले, भिंतीपाशी गेले आणि दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या जागेवर तळहात टेकवला. "तू घर बांधलं, मले पाहाले आनलं, तवा तू बाहेर मिस्त्रीशी भांडून राह्यली होती. म्या इथं आलो. कोनी नोतं. या भिंतीले हात लावून पाह्यला. किती गुळगुळीत. कुठं गेरू नाई, शेन नाई, पोपडा नाई. माह्या बापाले अशी भिंत पाहालेही भेटली नाई, अन् हे माह्या पोरीची. मनात म्हनलं, आता या भिंतीसमोर बसून राहावं निवांत. कोरीच्या कोरी. अन् मी राहाले आलो तं तू तिच्यात खिळे ठोकाले सुरुवात केली."

मी चित्रं काढायला लागले. धम्मपाल आत आले आणि एकेक फ्रेम माझ्या हातातून घेऊन दिवाणावर ठेवत गेले. शेवटी विहिरीचं चित्र उतरवलं आणि उलटं करून ठेवलं. मग पक्कड आणून खिळे उपटले. प्रत्येक खिळ्याबरोबर रंगाचा टवका निघत होता. मोकळी झाली तेव्हा ती भिंत देवी आलेल्या चेहऱ्यासारखी दिसत होती. मला तिच्याकडे बघवेना. मी घाबरून बाबांच्या खोलीत पिशवीकडे नजर टाकली. गाडी सकाळची होती.

सकाळी मी उठले तेव्हा पलंग रिकामा होता. मी तशीच चप्पल न घालता फाटकापर्यंत धावले. बाबा आणि धम्मपाल समोरून येत होते. बाबांच्या हातात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली पुट्टीची पिशवी होती, धम्मपालच्या हातात पुट्टी भरायची पत्री आणि पॉलिश पेपर.

बाबांनी हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरलं, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि पाण्यात पुट्टी कालवली. पहिल्या भोकात पत्रीने भरली, जास्तीची कापून काढली आणि बोट फिरवून पाहिलं. नाखूश झाले. पुन्हा भरली.

"हे वाळू दे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मंग घासतो. मंग दुसरा हात. त्याच्यावर रंग मारा लागन, नाई तं ठिगळं दिसतीन."

"आणि गाडी?" मी दारातून विचारलं. विचारताना मी चौकट घट्ट धरली होती.

"गाडी काय, रोजच असते," बाबा म्हणाले आणि पुढच्या भोकाकडे वळले.